दोन्ही भागांवर क्रमांक

बाबा, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, आणि कंपनीचा इतिहास मी लिहिला. म्हणजे इंग्रजी मजकूर मुख्य कार्यालयातून आला. चाकणच्या डेपोत, कँटीनच्या भिंतीवर लावायचे मराठी फलक तेवढे माझ्याकडे होते. दहावीनंतर मी शिकलो नाही, पण माझं शुद्धलेखन बरं आहे असं कुणीतरी साहेबांना सांगितलं. प्रत्येक ओळ तीनदा तपासली, तरी धाकधूक गेली नाही. पहिल्या फलकावर खाण आहे, सुरुंग आणि लाल धूळ. दुसऱ्यावर भट्टी. तिसऱ्यावर पोलाद लाटून पत्र्याच्या गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, करणारी मिल. चौथा आपला डेपो, जिथं त्या कॉइल गाड्यांच्या कारखान्यांसाठी कापतात. तुम्ही एकोणीस वर्षं कापल्यात, मी सहा वर्षं कापतो आहे.

चौथ्या फलकाला इंग्रजी मजकूर नव्हता. कापण्याआधीच कॉइलच्या होणाऱ्या दोन्ही भागांवर भट्टीचा क्रमांक, म्हणजे पोलाद कुठल्या घाणीतलं ते, रंगवायची पद्धत आपल्या डेपोनं सुरू केली, मग सगळ्या कंपनीनं उचलली. ती कशी आली ते दोन ओळींत लिही, असं साहेब म्हणाले. मला ते माहीत आहे. एकदा घाईत तुम्ही आधी कापलंत, क्रमांक नंतर टाकू म्हणालात. वेगवेगळ्या पोलादाच्या दोन अर्ध्या कॉइलची अदलाबदल झाली आणि गिऱ्हाइकाच्या प्रेसखाली घडवताना गाड्यांचे दरवाजे चिरले. कुणी विचारायच्या आत तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत. आठवडाभर तुम्हाला घरी बसवलं, आणि डेपोत आधी क्रमांक, मग कापणी असा नियम झाला.

त्या आठवड्यातलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही खाली बसून डब्यांवर आणि त्यांच्या झाकणांवर पांढऱ्या रंगानं सारखेच आकडे काढताय. आई पोळ्या लाटतेय. "आता पोळ्यांवर पण घाला," ती म्हणते. तुम्ही हसत नाही. मी गंमत म्हणून एक झाकण दुसऱ्या डब्यावर ठेवतो, तेव्हा माझा हात धरून म्हणता, "चूक कुणाच्याही हातून होते. सांगायला उशीर करायचा नाही."

तुमच्या पाळीतले काका आता निवृत्तीला आलेत. लिहू का, असं त्यांना विचारलं. चहात बिस्कीट बुडवत ते म्हणाले, "लिही की पोरा. तुजा बाप चुकला आन् सांगून मोकळा झाला. सायेब लोक चुकले की त्यांची बदली व्हती, वर पार्टी."

मी 'एका कामगाराच्या चुकीमुळे' असं लिहून पाहिलं. त्या भिंतीसमोर तिन्ही पाळ्या रोज जेवणार होत्या. खोडलं आणि 'एका अनुभवी कामगाराच्या सूचनेवरून' असं केलं. साहेबांना आवडलं. कोण होता तो, नाव टाकू या, ते म्हणाले. सूचना तुमच्या नावावर घालणं खोटं होतं, आणि चूक तुमच्या नावावर घालणं मला जमत नव्हतं.

"माहीत नाही, सर," मी म्हणालो.

फलक लागून तीन आठवडे झाले. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो.