तुमचं हवेचं मीटर

बाबा, काल घरी हवा भरायचं मशीन आलं. तुमच्या दुकानात टाकी होती, पट्टा होता, धडधडणारं इंजिन होतं. फाट्यावर थांबलेल्या एसटीतल्या माणसांनाही कळायचं की इथं हवा भरतात. हे मशीन जेवणाच्या डब्याएवढं आहे, जीपच्या मागच्या सीटखाली मावतं. तुमची नात जनावरांची डॉक्टर झाली. तिला लोणारकडची खेडी मिळाली आहेत, आणि अडलेली म्हैस काही डांबरी रस्त्याच्या कडेला येऊन थांबत नाही. म्हणून तिनं एक जुनी जीप घेतली, चारही चाकं ओढणारी. घरी आणली त्या दिवशी माझे डोळे भरले. ती म्हणाली, आई, आनंदाचं पाणी आहे. मी हो म्हटलं.

मशीन घ्यायला आम्ही दोघी चिखलीला गेलो. दुकानदारानं आधी एक चकचकीत लहानसं मशीन पुढं केलं. "काकू, हे न्या. दीडशे पौंड दाबापर्यंत मारते." मी म्हटलं, "दीडशे कोणाले पाह्यजे? जीपले तीस लागते. मिनिटाला हवा किती फेकते ते सांगा. अठरावरचं चाक तीसवर न्याले किती वेळ लागते? चारही चाकं भरेपर्यंत तापून बंद तर नाही पडत?" तो खोक्यावरचं वाचायला लागला. खोक्यावर ते नव्हतंच. "काकू, गॅरेज हाये का तुमचं?" "माह्या बापाचं होतं," मी म्हटलं. मग त्यानं आतून दुसरं आणलं, जड, थेट बॅटरीला चिमटे लावायचं, कारण गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या खाचेतून एवढा करंट ओढला तर फ्यूज उडतो. नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का, तेही मी जमिनीवर पसरून पाहिलं. पोरगी हसत होती. मी महिनाभर वाचनालयातून पुस्तकं आणून, माहितीपत्रकं मागवून हे वाचलं होतं. सातवीत शाळा सुटली तरी वाचायचं सुटलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. टायर गुंडाळून यायचे तो कागदसुद्धा तुम्ही माझ्यासाठी उलगडून ठेवायचे.

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा सडकेचा. चाक थंड असताना मोजायचं. नाल्याच्या रेतीत उतरायच्या आधी अठरापर्यंत सोडायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. पंधराच्या खाली नाही, वळताना टायर रिंगमधून निघतो. दगडधोंड्यात थोडी जास्त ठेवायची. आणि रेतीतून निघालं की तिथंच थांबून पुन्हा भरायची, मग डांबरी. कमी हवेवर पळवलं तर टायरची बगल तापते आणि फाटते. हे मी तिला समोर बसवून सांगितलं आणि तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. ती वैतागली. "आई, मी काय दुसरीत आहे का?"

तुम्ही जावयाला असं कधी समोर बसवलं नसतं. जावयाला तोंडावर काही शिकवू नये, ही आपल्याकडची रीत. सांगायचं ते लेकीला सांगायचं, तिनं त्याच्या कानावर घालायचं. तुम्ही अख्ख्या फाट्यावरच्या ड्रायव्हरांना शिव्या घालून शहाणं केलं, पण ह्यांची, तुमच्या जावयाची, जीप आली की हात पुसून बाजूला उभे राहायचे.

त्या दिवशी मी तुमच्याकडेच होते, पोरगी दोन वर्षांची होती. ते सकाळीच आले. जीप घेऊन त्यांना तीनच महिने झाले होते. नाल्यापलीकडच्या मळ्यातून मिरचीची पोती उचलून तिकडूनच सडकेनं बाजारात न्यायची होती, आणि आधीच्या खेपेला रेतीत रुतले होते. ते आत चहाला बसले. मी चुलीपाशी कागदाचा तुकडा वाचत होते. ते म्हणाले, "काऊन कलेक्टरीनबाई, चहा भेटते का? का आज परीक्षा हाये?" आई हसली. शेजारची काकू हसली. मी चहा ठेवला आणि मागच्या दारी गेले. तिथं तुम्ही हवा सोडून आला होतात, हातात हे पितळेचं मीटर. "माय, अठरा केली. रेतीतून निघून जाईन गाडी. पण पलीकडं वर चढला की पहिल्याच दुकानात भरून घेजो म्हणा. अठरावर सडकेनं पळवजो नोको म्हणा. सांगशीन न?" मी म्हटलं, सांगते.

मी आत जाते. ते चप्पल घालत असतात. माझ्या तोंडात वाक्य तयार आहे. ते पुन्हा म्हणतात, "पास झाल्या का कलेक्टरीनबाई?" आणि मी वाक्य गिळते. बाहेर जीप चालू होते. हॉर्न वाजतो. ते जाताना नेहमी एकदा वाजवायचे, त्या दिवशी दोनदा वाजवला. मी बाहेर आले नाही. वाजवू दे, म्हटलं.

साखरखेर्ड्याच्या अलीकडे, उन्हात, भरल्या पोत्यांसह पुढचं चाक फुटलं.

त्यांना एरवीही माहीत असेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. हवा सोडली हे त्यांनी दारातून पाहिलं होतं. किती सोडली, पुन्हा कुठं भरायची, हे कुठं कळलं होतं? तेवढंच तर मला सांगायचं होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलात. मी पीठ मळत होते. तुम्ही माझ्याकडे न पाहता विचारलं, "माय, सांगतलं होतं न त्याले?" मी म्हटलं, "हो बाबा." तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "मंग माह्यं मीटरच खोटं असन. अठरा समजून मी बारा केली असन. बाराची हवा काय दुकानापर्यंत पोचते?"

मला वाटलं होतं, माझ्या एका 'हो'नं विषय संपेल. पण तुम्ही तेव्हापासून कोणत्याच मीटरवर विश्वास ठेवला नाही. नवीन आणलं, तेही बाजूला टाकलं. अंगठ्यानं दाबायचे, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचे, आणि तरी गिऱ्हाइकाला सांगायचे, पुढच्या दुकानात एकदा तपासून घ्या. "बुढ्याचा हवेवरचाच भरोसा उडाला बे," असं फाट्यावर लोक बोलायचे, मी ऐकलं आहे. गाड्या तुमच्यासमोरून पुढं जायला लागल्या. चार वर्षांत तुम्ही गेलात. हे मीटर तुम्ही मला दिलं होतं, "लेकीले खेळाले दे, याचा दुसरा काही उपेग नाही," म्हणून.

'खोटं मीटर' म्हणत ती त्याच्याशी खेळली. पुढं मी ते डब्यात ठेवलं. काल तिनं ते काढलं. नव्या मशीनवर आकडे उजळतात. तिनं पुढचं चाक भरलं, तीस आले. "थांब, आजोबांचं लावून बघू." मी नको म्हणेपर्यंत तिनं लावलं. काटा तीसवर जाऊन थांबला. मग तिनं हवा सोडत सोडत अठरा केली. काटा अठरावर. चारही चाकांना लावलं. कुठंही अर्ध्या पौंडाचा फरक नाही, बाबा. इतक्या वर्षांनंतरही.

"आई, हे तर एकदम बरोबर आहे. खोटं आहे असं कोण म्हणायचं?"

ती चाकापाशी उकिडवी बसली होती, हात काळे, तुमच्यासारखे. हीच वेळ होती. तिच्या बापाचं तिला ठाऊक असायला हवं, आणि तुमचं नाव तिच्यासमोर तरी धुऊन निघायला हवं. ती वाट पाहत होती. मशीनची नळी अजून फुसफुसत होती.

मी म्हणाले, "तेच म्हणायचे."

ती म्हणाली, "बिचारे." तिनं मीटर पुसून जीपच्या खणात ठेवलं. हा कागद मी मशीनच्या रिकाम्या खोक्यात घालून माळ्यावर टाकते आहे, तिथं ती कधी पाहत नाही.