एकास सत्त्याऐंशी

४ नोव्हेंबर
सगळे इंजिन बनवतात, तू मालडबेच काहून बनवतेस? आज आत्यानं विचारलं. आत्ता लिहिताना उत्तर शोधतेय, तरी सापडत नाही. फाटकावर मालगाडी लागली की इंजिन जाऊ देते आणि मागच्या वॅगन बघत बसते. हे कारण झालं का? नाही.
"मले नाई मालूम, आत्या," म्हटलं.
आत्या बाबांची मोठी बहीण, लाखनीची. दिवाळीला आली ती अजून आहे. आईला आत म्हणाली, "घरातली पयली ग्रॅज्वेट. अन् प्लास्टिक चिकटवून राहिली." मला ऐकू जाईल इतपत आवाजात.

७ नोव्हेंबर
बोरकर सरांचा फोन!! नागपूरचे, निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या मित्रमंडळींनी मिळून एका खोलीभर छोटी रेल्वे मांडली आहे. माझ्या दोन वॅगनचे फोटो मॉडेल बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर पाहिले होते. फेब्रुवारीत प्रदर्शन आहे, त्यात मँगनीजचा रेक, म्हणजे मालडब्यांची अख्खी रांग हवी, आपल्या तुमसरकडची. बारा वॅगन. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. आधी एक नमुना पाठवायचा.
"दिसायला सुंदर नको. मापाला खरी हवी," म्हणाले.
हो म्हणून टाकलं. 
सिहोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा आहे, १५ जानेवारीपर्यंत कळवायचं. आईचा जीव त्यात. हा रेक जमला तर आणखी कामं येतील असं बो. सर म्हणाले. नाही जमला तर सिहोरा. सिहोरा वाईट नाही. पण

९ नोव्हेंबर
नेटवर वॅगनची तीन ठिकाणी तीन मापं. कोणतं खरं धरायचं? बाबांना घेऊन सायडिंगला गेले, मँगनीज भरायला मालगाडी लागते तिथं. बाबांनी तिथं तीस वर्षं डोक्यावरच्या टोपल्यांनी वॅगन भरल्या. आता मशीन भरतं, बाबा घरी असतात.
मुकादम ओळखीचा, तरी टेप पाहून बिचकला. "टेप लावाचा असन त साहेबाचा कागद आणा. फोटो काढा, पण हात नोका लावू."
मी रडकुंडीला. बाबा चप्पल काढून वॅगनजवळ जाऊन उभे राहिले.
"काढ फोटो. मी आहो ना तुयी मोजपट्टी."
खरंच की! माणसाची उंची माहीत असली की फोटोतल्या बाकी सगळ्याचं माप निघतं. मी तीस पावलं मागं गेले, वॅगनच्या बरोबर मध्यासमोर, म्हणजे कडा तिरक्या दिसत नाहीत. झूम करून काढला. बाबा छाती काढून, लग्नाच्या फोटोत असतात तसे. मुकादम म्हणाला, "भाऊ, हसून त द्या!" बाबा हसले नाहीत. मोजपट्टी हसत नाही म्हणे.

१० नोव्हेंबर
फोटो झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर छापून आणला. व्हर्नियर कॅलिपरनं मोजलं. बाबा कागदावर बरोबर ४२ मि.मी. खाणीच्या जुन्या ओळखपत्रावर उंची १६८ सें.मी. म्हणजे कागदावरचा १ मि.मी. = खरे ४ सें.मी. इतका सुटसुटीत आकडा आला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.
सगळी वॅगन उतरवून काढली. उंची, लांबी, बाजूच्या उभ्या पट्ट्यांमधलं अंतर, दारं. मग सगळ्याला ८७ नं भागलं. दोन वह्यांमध्ये वेगवेगळं, पडताळा जुळला.

१७ नोव्हेंबर
एक मि.मी.च्या प्लास्टिक शीटमधून बाजू कापल्या. आरपार कापायचंच नाही, हे आता हातात बसलं. पट्टी धरून दोनदा हलकी रेघ मारायची, मग वाकवायचं, कट् करून सरळ तुटतं. जोर लावला की पातं पळतं.
उभ्या पट्ट्या हातानं लावल्या तर वाकड्या जातात. म्हणून पुठ्ठ्याची कंगव्यासारखी चौकट केली, तिच्या दातांत पट्ट्या बसवायच्या, मग ब्रशच्या टोकानं प्लास्टिक जोडायच्या पातळ सोल्युशनचा एक थेंब. सांध्यात आपोआप शिरतो.
शिडीसाठी बारीक पितळी तार हवी होती. भंडाऱ्याला कासारकाकांकडे गेले. "नथ करतेस का पोरी?" "नाही काका, वॅगनची शिडी." त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, आणि तार जास्तीची दिली.
लाकडावर चार खिळे ठोकून तार त्यांच्याभोवती वळवली. सगळ्या पायऱ्या सारख्या.

२३ नोव्हेंबर
हलकी वॅगन वळणावर रुळावरून उतरते. धीवरांकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणले, ठोकून चपटे केले, तळाखाली चिकटवले. आता हातात घेतली की वजन जाणवतं.
रंग दिला. बाबांना दाखवली. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.
"एवढा साफ डबा म्या जिंदगीत नाई पायला."
मग सांगत बसले. मशीनचं बकेट आतून आदळतं, म्हणून पत्रा बाहेरून फुगतो, आत नाही. काळी भुकटी कोपऱ्यात आणि पट्ट्यांच्या खालच्या अंगाला बसते, मधे पावसानं धुतली जाते. दाराच्या कडीजवळचा रंग आधी जातो, कारण तिथं सगळे हाणतात.
"कशानं हाणतात?"
"जे हातात असन त्यानं!"
चमचा गरम करून आतून हळू दाबला. पत्रा फुगला, खऱ्यासारखा! बाबा म्हणाले, "आता भेटला मले मायावाला डबा." संध्याकाळी सायडिंगच्या रस्त्यावरून पुडीभर काळी भुकटी घेऊन आले. पाणी मिसळलेल्या डिंकानं ती बसवली.

१ डिसें.
नमुना गेला. बुटाच्या खोक्यात, कापसात. पोस्टातल्या बाईंनी विचारलं आत काय. "वॅगन." त्यांनी "खेळणी" लिहिलं. ते लागलं.

९ डिसें.
पसंत!!! "उत्तम. बारा करा." एवढंच बो. सरांचं. मग दहा मिनिटांनी परत फोन, फक्त त्या फुगलेल्या पत्र्याबद्दल बोलायला.
आईनं वडा-पुरी केली. "हे झालं का मंग सिहोऱ्याचं पाय," म्हणाली. नाही म्हणाली नाही, हो पण नाही. माझी आई अशीच.

१६ डिसें.
पाच वॅगनच्या बाजू तयार. आज बोगीच्या, म्हणजे चाकं बसतात त्या, चौकटी करायच्या म्हणून पहिल्यांदा फोटोतलं चाक मोजलं. आजवर गरज पडली नव्हती, नमुन्याची चाकं चौकटीसकट बो. सरांनीच तयार पाठवली होती.
चाक २५.८. गुणिले चार. १०३ सें.मी.
काहीतरी चुकतंय. बाबा खाटेवर होते. विचारलं, वॅगनचं चाक केवढं असतं?
"नवंकोरं एक मीटर. सायडिंगवरचा कोनीबी सांगन."
"हे एकशेतीन सेंटिमीटर येतंय."
"कसं येईन? चाक झिजते वं. वाढत नाई."
छपाई ताणली गेली असेल म्हणून फोनवरच्या फोटोत मोजून पाहिलं. तेच प्रमाण. चाक आणि बाबा, दोघांतलं एक माप खोटं आहे. आणि चाक तर

१७ डिसें.
सकाळी बाबांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवला, एक बाजू चौकटीला टेकवून.
"टाचा खाली ठेवा, बाबा."
"खालीच आहेत."
"नाहीत."
आई हसायला लागली. बाबांनी टाचा टेकवल्या. पेन्सिलनं खूण केली. टेप लावला.
१६२.
पुन्हा मोजलं. १६२.
"किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते खुणेकडे बघत राहिले, वर हात फिरवला, जणू उरलेले सहा सें.मी. तिथंच कुठं असतील.
"तवा भरतीच्या बाबूनं अंदाजानं लिवलं असन," म्हणाले. थोड्या वेळानं, "नाई त मंग तीस वरस डोकशावर टोपलं. दबनच ना माणूस थोडाबहुत."
आणि चहा मागितला.
मला हे कधीच दिसलं नाही. रोज समोर असून. मी कागद वाचला, बाबांना मोजलं नाही. बीएससी.

१८ डिसें.
हिशेब नव्यानं. १ मि.मी. = ३.८६ सें.मी. चाक साडेनव्याण्णव, बरोबर. म्हणजे सरांनी पसंत केलेली वॅगन दीड मि.मी. जास्त उंच आणि चार मि.मी. जास्त लांब. कापलेल्या पाचही तशाच.
नुसती ठेवली तर कोणाला कळणार नाही. बाराही सारख्याच चुकल्या तर एकमेकींशी जुळतीलच. पण प्रदर्शनात त्या बाकीच्यांच्या वॅगनशेजारी उभ्या राहतील. आणि "मापाला खरी" एवढं एकच त्यांनी मागितलं होतं.
आईला सांगितलं. ती धान पाखडत होती, सूप थांबलं नाही.
"त्याईले दिसलं काय?"
"नाही."
"मंग कायले सांगतेस वं? आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा. त्यानं दुसऱ्याले काम देल्लं त?"
देऊ शकतात. वेळ उरलाय किती, नवीन बारा होतील का, कोणीही हेच विचारेल. आई चुकीचं बोलत नाही, हाच त्रास आहे.

२१ डिसें.
तीन दिवस चाकूला हात लावला नाही. बाबाही गप्प. मला वाटलं, मी त्यांना मोजलं म्हणून दुखावलेत. आज अंगणात बसले असताना विचारलंच.
"नाई वं. म्या विचार करून रायलो. आमच्या येळेस मुकादम वॅगन पाहे. वरून भरलेली दिसे, पण कोपरे रिकामे ठिवे लोक. लवकर सुटी होये."
"तुम्ही पण?"
"म्या बी. एक-दोन बार." मग हसले. "तवा कोनी पकडलं नाई. पण मले त मालूम हाये ना कोणते कोपरे."
उन्हात बसून दोघांनी हरभऱ्याचे घाटे सोलले.

२३ डिसें.
बो. सरांना फोन लावला. दोन रिंग झाल्या, ठेवून दिला. त्यांचा मिस कॉल आला, उचलला नाही. भित्री.
फोनवर सांगितलं तर "चालेल हो, तेवढं काय" म्हणतील, आणि मी ते पकडून सुटेन. शब्दानं नाही, वॅगननं सांगायला हवं. दोन्ही शेजारी ठेवल्या की त्यांना स्वतःच दिसेल. मग जे म्हणतील ते.
दुपारी नवीन मापानं एक सुरू केली. आधीच्या पाचांच्या बाजू मोडल्या. मोडताना पण सरळ तुटल्या. रेघा चांगल्या होत्या.

३० डिसें.
नवी वॅगन जुनीपेक्षा बरी होतेय. शिडीचे वाक नेमके आले. बाबा रोज सकाळी येऊन बघतात आणि काहीतरी काढतात. आज, "ब्रेकचं चाक उलट्या बाजूले लावलंस." फोटो पाहिला. खरंच उलट. नमुन्यातही उलटच गेलं होतं, बो. सरांनाही दिसलं नव्हतं. हेही पत्रात लिहायचं.
आत्याचा फोन. "नोकरीचं काय झालं?" आई म्हणाली, "पोरगी काम करून रायली." इतकंच. मी आतून ऐकलं.

३ जाने.
पत्राचे चार मसुदे फाडले. पहिल्यात फार माफी. दुसऱ्यात फार गणित. उरलं ते असं:
"सर, पाठवलेला नमुना मापात चुकला आहे. फोटोवरून मोजताना वडिलांची उंची मी जुन्या कागदावरून घेतली, त्यांना उभं करून मोजली नाही. ब्रेकचं चाकही उलट आहे. सोबत दुरुस्त वॅगन. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. बारा वेळेत देण्याचा मी प्रयत्न करेन, पण खात्री देता येत नाही, हेही आधीच सांगते. आपण दुसऱ्या कोणाला काम दिलं तरी ही वॅगन आपल्याकडेच असू द्या."
बाबांना वाचून दाखवलं. "मायं नाव नाई टाकलं?"
"टाकू?"
"टाक ना. मोजपट्टी कोणती होती ते त मालूम पडू दे." एक ओळ वाढवली.

५ जाने.
खोकं गेलं. पोस्टातल्या बाई त्याच. या वेळी मी आधीच सांगितलं, "मालगाडीच्या वॅगनची प्रतिकृती, मापातली." त्यांनी विचारलं, प्रतिकृती कशी लिहायची. मीच लिहिलं.

८ जाने.
पोस्टाच्या साइटवर खोकं पोचल्याचं दिसतंय. फोन नाही. शाळेला कळवायला सात दिवस उरलेत, त्यांनाही काही कळवलेलं नाही. आई विचारत नाही, पण पोळ्या लाटताना लाटणं जरा जोरात आपटतंय.
बो. सर आत्ता काय करत असतील? दोन्ही वॅगन टेबलावर असतील की
सकाळभर नुसती फोनकडे बघत बसले. मग पुठ्ठ्याची नवी चौकट केली, शीट काढली, पट्टी धरली. संध्याकाळपर्यंत चार वॅगनच्या आठही बाजू नवीन मापानं कापून टाकल्या.