खोड्याची डावी बाजू

२ डिसेंबर, सोमवार
पशुपालक ट्रिशच्या चार हेरफर्ड गायी गेल्या. आधी ताप, मग लघवी लाल, मग आडव्या. व्हेट म्हणतो टिक फीव्हर, गोचिडीचा ताप. तिच्या पट्ट्यात गोचीड नाहीच, म्हणून तर तिथल्या जनावरांना ती सोसत नाही.
सप्टेंबरमध्ये तिने गोचीडवाल्या भागातून ब्रामन-क्रॉस गोऱ्हे घेतले होते. तपासणी आमच्या यार्डात झाली, क्लीन म्हणून दाखला दिला. गोऱ्हे आजही ठणठणीत. ब्रामनला गोचीड कमी चिकटते आणि चिकटली तरी ते पचवतात. मरतात दुसऱ्यांच्या गायी.
स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, माझा जोडीचा तपासनीस वेन म्हणाला, "शेजाऱ्याचं कुंपण तुटलं असेल, मेट." फार पटकन म्हणाला.

३ डिसें.
दिवसभर वेनवर डोळा. जनावर खोड्यात अडकवलं की तो उजवीकडून, मी डावीकडून. शेपटीखाली, मांड्यांच्या आत, कास, गळ्याखालची पोळी, सगळं हाताने चाचपायचं. लहान गोचीड डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. एक जरी लागली तरी जनावर पुढे जात नाही, पुन्हा डिप, औषधाच्या पाण्यात बुडवायचं.
तीस वर्षं हेच करतोय म्हणे. पण खांदा दुखतोय त्याचा. हात आतपर्यंत जातच नाही. शेपटी उचलली न उचलली की "क्लीन". मनात पाल चुकचुकली.
दाखल्यावर सही त्याची एकट्याची असते. बरंच आहे.

५ डिसें.
ट्रिशचा फोन. वेनला सोडून मला का? "तुम्ही नीट बघितलं होतं ना?"
म्हटलं, "माझ्या बाजूने तर नक्की."
फोन ठेवल्यावर कळलं काय बोलले ते. वेनला अर्धा फासावर चढवलाच की. पण खोटं काय त्यात?
आणखी सहा आजारी. तिच्या आजोबांपासूनची पैदास आहे. गायींची नावं सांगत होती. मला नावं नको होती.

६ डिसें.
डिपार्टमेंटचा माणूस चौकशीला येणार. नवऱ्याला, निखिलला, वेनबद्दल सगळं सांगितलं. तो म्हणाला, "संशय ठीक आहे, पण पुरावा काय? उगाच कुणाच्या पोटावर पाय नको."
म्हटलं, रोज लिहिते मी. त्या दिवसाचं पान काढते.
इरा मध्येच, "मम, इज वेन इन ट्रबल?" तिला आवडतो तो. गेल्या ख्रिसमसला तिला मापाचे गमबूट आणून दिले होते त्याने. म्हणून काय झालं.

७ डिसें., शनि.
सप्टेंबरची वही काढली. वेनविरुद्ध काही सापडेल म्हणून. सापडलं ते हे:
"गणपतीचा चौथा दिवस. ट्रिशचे सत्तावीस गोऱ्हे, सगळे क्लीन. ग्लोव्ह्ज बरे पडतात. हाताला वास नाही. सासूबाई आज काही बोलल्या नाहीत."
दोनदा वाचलं.
सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. पहिल्या दिवशी मोदक वळायला बसले तर हातांना डिपचा वास, साबणाने जाईना. त्यांनी नुसती उकडीची परात स्वतःकडे ओढली. मलाही नको वाटलं, कत्तलीला जाणाऱ्या जनावरांत दिवसभर हात घालून त्याच हातांनी नैवेद्य. मग दहा दिवस निळे ग्लोव्ह्ज.
ग्लोव्ह्जमधून राजगिरा लागत नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवतात, उघडे हात, कापलेली नखं. शिकवलं वेननेच.

८ डिसें.
गोचीड उजव्या बाजूलाही असू शकते. खांदा त्याचा दुखतोच. कुंपणही तुटलेलं असू शकतं.
चोराच्या मनात चांदणं.
नि.ने विचारलं, "मिळालं का पान?" म्हटलं, शोधतेय.

९ डिसें.
खोडा धुताना वेनला सहज विचारल्यासारखं विचारलं, सप्टेंबरमध्ये मी ग्लोव्ह्ज घालत होते, आठवतं?
"हो. तुमचा सण होता ना? मला वाटलं धर्माचं काही असेल. कसं विचारणार?"
तीन महिने माहीत होतं त्याला. माणुसकी म्हणून गप्प, की वेळ आली तर वापरायला?

११ डिसें.
डिपार्टमेंटचा माणूस आला. आधी वेनला तासभर. दार उघडंच होतं. वेन सांगत होता, "सही माझी, चूक माझी. तिच्यासारखे हात या यार्डात दुसऱ्या कुणाचे नाहीत."
टॉयलेटमध्ये जाऊन रडले.
मग मी. फार काही विचारलं नाही त्याने, फॉर्म दिला. उद्या नऊपर्यंत भरून द्यायचा. वेनचं लायसन्स तोवर बंद. खोटं लिहिलं तर ते कायमचं जाईल, खरं लिहिलं तर माझी नोकरी.

११ डिसें., संध्या.
ट्रिशचा मेसेज, आजारी सहापैकी दोन गेल्या.
वेनचाही आला: "काय हवं ते लिही, मेट. मी यंदा निवृत्त होतच होतो."
हे त्याने खरंच ठरवलं होतं, की आत्ता माझ्यासाठी? की मी लिहावंच म्हणून टोचणी? एवढं होऊनही संशय मला त्याचाच येतो. लाज वाटते.
फॉर्म समोर आहे. नाव लिहिलं. बाजू: डावी. पुढचा रकाना, तपासणी कशी केली. तिथे फक्त "हाताने" लिहिलंय, आणि त्यापुढे "ग्लोव्ह्ज घालून" लिहायची जागा अजून रिकामी आहे.