चौथा खडा

चिपळूण, ५ जानेवारी २०२६

चि. सत्यजित यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. माझ्या बायपासच्या भीतीला तू हसतोस, पण छाती माझी उघडणार आहेत. तू म्हणालास, ‘मी अवकाशाच्या वेशीवर जाऊन येतो, मग तू ऑपरेशनला तयार हो.’ बरं, कबूल. पण तुझे हम्मादसाहेब, त्यांची मुलगी आणि साहेबांचा डॉक्टर म्हणून तू, म्हणजे यानात तिघंच! तिघांनी मिळून निघायचं नसतं. चौथा म्हणून एक खडा बरोबर घे. सूनबाई स्वप्नाली हसतेय, हसू दे.

जपून जा. माया आहेच.
तुझी अहिल्याताई

जेद्दा, २ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप उतरलो. खडा इमारतीखालच्या कुंडीतून घेतला होता. उड्डाणतळावर तपासणीला असलेल्या मेहेक नावाच्या मुलीने खिसे रिकामे करायला लावले. सुटी वस्तू यानात चालत नाही. मी तो गुपचूप गालात धरला. पेशंटने असं केलं असतं तर मी त्याला चांगलाच झापला असता.

इंजिन पेटलं आणि छातीवर तांदळाचं पोतं टाकल्यासारखं झालं. खडा घशाकडे सरकू लागला, तो जिभेने रेटून धरला. मग इंजिन थांबलं. पट्टे सोडले, तरंगलो. भर दुपारी आकाश काळं, खाली तांबडा समुद्र आणि वाळू, पृथ्वीची कड वाकलेली. साहेबांच्या मुलीला रडू आलं. साहेबांनी कसं वाटतंय विचारलं, मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं, मी भारावलोय. मी खडा सांभाळत होतो. ताई, मी फार भ्यालो होतो.

उतरल्यावर साहेब ‘खलास’, म्हणजे झालं एकदाचं, असं म्हणाले, तेव्हा कुठे मी खडा वाळूत थुंकला.

ऑपरेशनचं तुला वाटेल तेव्हा ठरव. लोभ असू द्यावा.
सत्यजित

चिपळूण, १४ फेब्रुवारी २०२६

चि. सत्यजित यास अनेक आशीर्वाद.

आधी तुला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. खडा घशात अडकला असता म्हणजे? मग हसले, आणि मग खूप रडले. तू इतके महिने धीर देत होतास, त्याने मला उलट लाजच वाटायची. घरात भित्री मी एकटीच, असं वाटायचं.

आज मीच कोल्हापूरच्या हॉस्पिटलला फोन करून तारीख घेतली. पुढच्या बुधवारी ऑपरेशन. भीती गेलेली नाही, ती घेऊनच जाणार आहे.

सुट्टी मिळाली तर ये. धीर देऊ नकोस, नुसता जवळ बस.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझी अहिल्याताई