या खोलीतलं या खोलीत

४ मार्च, मंगळवार

लाज कशी वाटत नाही माणसाला! मोठ्या सरांची मुलगी गाडी शिकतेय. कुणाकडे? तर दर मंगळवारी बायकोला घेऊन माझ्यासमोर बसणाऱ्या ड्रायव्हिंगवाल्याकडे! दोन महिने मी त्या जोडप्याचा गुंता सोडवतेय, आणि आमच्या समुपदेशन केंद्राचे प्रमुख असलेले हे सर रोज सकाळी घराच्या फाटकात उभे राहून त्याच माणसाला "काय, कसं काय" करतात. म्हटलं, सर, क्लायंटशी दुसरं नातं नको, आपल्याच आचारसंहितेत आहे. तर म्हणाले, "अहो, क्लायंट तुमचा. आणि क्लास तिच्या मावशीनं लावून दिलाय, मला नंतर कळलं. बघतो."

बघतो म्हणे! आणि दर सोमवारी आम्हाला तासभर नीतिमत्ता ऐकवतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

६ मार्च, गुरुवार

आज त्या ड्रायव्हिंगवाल्याची बायको एकटी आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासते, म्हणून या वहीत ती चष्मेवाली. क्लायंटची नावं मी इथंही लिहीत नाही.

"मारत नाही हो मॅडम," म्हणाली. "पण माझ्या स्कूटरचे किलोमीटर रोज लिहून ठेवतो. घर ते दुकान, जाऊन येऊन बारा. तेरा झाले की जेवण संपेपर्यंत विचारत बसतो, एक कुठं गेला?"

मग पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक किल्ली काढून दाखवली. मैत्रिणीच्या ओळखीनं खोली घेतलीय. वीस तारखेला मुलीला घेऊन निघणार. मुलगी सात वर्षांची. "त्याला आधी कळलं तर मुलगी हातची जाईल. तुम्हाला म्हणून सांगितलं."

मी शब्द दिला. पहिल्याच दिवशी दोघांना सांगितलं होतं — एकट्यानं सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही. केस फक्त सरांपुढे मांडली जाते. बाकी या खोलीतलं या खोलीत.

किलोमीटर मोजतो! घरी येईपर्यंत कानशिलं तापली होती.

७ मार्च, शुक्रवार

नियमाप्रमाणे केस सरांपुढे मांडली. किल्लीचं, वीस तारखेचं, सगळं. ऐकून म्हणाले, "आता त्या दोघांना एकत्र बसवू नका. ती त्याच्यासमोर खरं बोलू शकत नाही. आणि तुमच्या डोक्यात फायली दोन, तोंड एकच."

मला शिकवतात! अकरा वर्षं झाली मला या खुर्चीत. एकदम सेशन बंद केलं तर त्याला संशय नाही येणार? आधी स्वतःच्या फाटकातलं बघा म्हणावं. मंगळवार ठेवलाच मी.

११ मार्च, मंगळवार

आणि काय मस्त झालं सेशन! एरवी बायकोचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, तो आज शेवटची दहा मिनिटं चक्क गप्प. मुलीचा विषय निघाला होता — शाळा, अभ्यास, येणंजाणं. मान खाली घालून ऐकत होता. दगडाला पाझर फुटला म्हणायचा. चष्मेवालीही काही बोलली नाही, दमली असेल. जाताना तो वळून म्हणाला, "थँक्यू, मॅडम."

घ्या! म्हणे एकत्र बसवू नका.

१३ मार्च, गुरुवार

तिचा फोन. मुलगी गेली.

काल दुपारी त्यानं तिला शाळेतून परस्पर उचललं आणि दुसऱ्या गावी बहिणीकडे नेऊन ठेवलं. कपडे, दप्तर, सगळं आधीच गाडीत भरलं होतं. संध्याकाळी बायकोपुढे हात पसरून म्हणाला, "किल्ली."

मी विचारलं, कसं कळलं त्याला? कुणी सांगितलं? ती नुसती रडत होती.

सांगायला कशाला हवं! किल्लीबद्दल या जगात कोण कोण जाणत होतं? ती, तिची मैत्रीण, मी. आणि मोठे सर.

१४ मार्च, शुक्रवार

सरळ सरांच्या केबिनमध्ये घुसले. म्हटलं, फाटकात उभं राहून काय बोललात त्याच्याशी? चहाचा कप खाली ठेवला त्यांनी. "एक शब्द नाही. माझ्या मुलीचा क्लास तर मागच्या शनिवारीच बंद केला." मग म्हणे, "ते जाऊ दे. तिला वकील मिळालाय का? मुलीशी फोनवर तरी बोलू देतात का?"

विषय कसा बदलतो बघा माणूस! चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या. मी दार आपटून बाहेर.

१५ मार्च, शनिवार

नवरा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" घरी केस सांगायची नसते. म्हणून भांडी.

१७ मार्च, सोमवार

आज सर नीतिमत्तेवर बोलले. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. त्यांनी नजर चुकवली नाही. इतका कोडगेपणा!

१९ मार्च, बुधवार

शिस्त समितीला तक्रार लिहिली. पाच पानं. गोपनीयतेचा भंग, क्लायंटशी दुहेरी संबंध, पदाचा गैरवापर. लिहून किती हलकं वाटलं! या माणसाची खुर्ची गेलीच पाहिजे. एका आईचं मूल गेलंय.

२१ मार्च, शुक्रवार

समितीच्या कारकुनानं पाचही पानं परत केली. "क्लायंटची सही कुठाय? तिचं खाजगी लिहून देताय. तिला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. अहो, तिच्यासाठीच तर चाललंय सगळं! नियमावर बोट ठेवायला मात्र सगळे पुढे. काल वीस तारीख होती — ती खोली रिकामीच राहिली, त्याचं कुणाला काही आहे?

चष्मेवालीला फोन केला. मंगळवारी येते म्हणाली. वकिलाकडे जाऊन आलीय. वकील कुणी गाठून दिला विचारलं, तर म्हणाली, तुमच्या सरांनी. आता अंगाशी आल्यावर सारवासारव!

२५ मार्च, मंगळवार

आली. पाचही पानं सावकाश वाचली. पेन उघडलं आणि तसंच खाली ठेवलं.

"मॅडम, सर नाही. तुम्ही. त्या मंगळवारी तुम्हीच त्याला विचारलंत — नव्या जागेपासून शाळा लांब नाही ना पडणार? मी शेजारीच बसले होते."

मग इतके दिवस सांगितलं का नाहीत! — ओरडलेच मी तिच्यावर.

"तुम्ही चिडला असता. मग मला कोण होतं?"

सरांचं नाव खोडलं. तिथं माझं लिहिलं. कागद परत तिच्यापुढे सरकवला. तिनं सही केली.