बाळ शांत आहे

३ जून
लागली एकदाची नोकरी! रुग्णालयाचा नोंदकक्ष. तळघरात आहे, पण खोली गार, स्वच्छ, आणि खुर्ची चक्क डुगडुगत नाही. डॉक्टरांनी फाइलमध्ये जे निदान लिहिलं असेल त्याचा ठरलेला कोड टाकायचा आणि फाइल बंद करायची, एवढंच काम. माझ्या वाट्याला नवजात बाळं आलीत. त्यातही बरीचशी अशी, की त्यांच्या आया गरोदरपणी नशेच्या नाहीतर वेदनेच्या गोळ्यांवर होत्या. जन्मल्यावर बाळाला मिळणारं ते औषध एकदम तुटतं. मग ती थरथरतात, किंचाळतात, दूध धरत नाहीत. त्याला वेगळा कोड आहे. तो पडला तर उपचार होतात, घरी नर्स जाते. नाही पडला तर ‘निरोगी नवजात’, आणि रामराम.

रात्री ताईला फोन केला. दिवस भरत आलेत तिचे, पाठ धरून बोलत होती. म्हणाली, तळघरात बसून तू निदान गोरी तरी होशील.

१० जून
कामातली खोच आज कळली. कोड फक्त डॉक्टरांच्या लिहिण्यावरून टाकायचा. एका फाइलमध्ये सिस्टरांनी पानभर लिहिलंय की बाळ रडायचं थांबत नाही, अंग कापतंय, झोप नाही. ते मी वाचायचं आणि सोडून द्यायचं. आणि आमचे डॉक्टर कालची नोंद उचलून आजच्या तारखेला चिकटवतात. रोज तेच: ‘बाळ शांत आहे. दूध घेतं.’ मी त्यांचं नाव ‘पुढेचालू’ ठेवलंय.

शंका आली तर डॉक्टरांना लेखी विचारणा पाठवायची असा नियम. पाठवली. परत पाठवली. पालथ्या घड्यावर पाणी. वरून दटावणी आली की फाइल अडवून ठेवू नका. शेवटी ‘निरोगी’ टाकून बंद केली. नियम कोणी केलेत त्यांना एकदा त्या वॉर्डात नेऊन बसवलं पाहिजे.

१४ जून
खोलीत बाळ रडतं. बारीक आवाज, जुनं कापड फाडावं तसा. बाळांचा वॉर्ड पार वरच्या मजल्यावर, मग इथे कुठून? पाइपातून येत असेल. पलीकडच्या टेबलावरच्या मोठ्या बाई इथल्या सगळ्यात जुन्या, दिवसभर रेडिओ लावून बसतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, सगळ्यांनाच ऐकू येतो तो, रेडिओ काय हौस म्हणून लावलाय का? आणि आवाज वाढवला.

२३ जून
आज पुढेचालूंना जिन्यात गाठलं आणि त्या पहिल्या फाइलवर उभ्या उभ्या लिहून घेतलं. फाइल उघडून खरा कोड टाकला. तत्क्षणी खोलीतलं रडणं कमी झालं. थांबलं नाही, कमी झालं. म्हणजे इथे रडणारं बाळ एकटं नव्हतं.

संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर भेटल्या. तेच बाळ आज तपासणीला आलं होतं. घरी गेल्यापासून एकदाही रडलं नव्हतं म्हणे. आई खूश, पण भूक लागलेली कळायची नाही, वजन पार उतरलेलं. दुपारी बसल्या जागी एकाएकी टाहो फोडला, सगळे दचकले. मीही कोड दुपारीच टाकला होता.

मला वेड लागलेलं नाही. ज्यांना आम्ही शांत लिहितो ती शांत होऊन घरी जातात. त्यांचं रडणं इथे राहतं.

२ जुलै
विचारणांचा सपाटा लावलाय. डॉक्टर वैतागलेत, वरिष्ठ म्हणतात तुझ्यामुळे सगळा खोळंबा. कारण सांगायची सोय नाही. सांगणार काय, कप्पाळ?

९ जुलै
मावशी झाले. ताईला आमच्याच रुग्णालयात मुलगी! नाक आमच्या आईचं. रडते आणि शेवटी एक उचकी देते, मग पुन्हा रडते. हात कापतात तिचे.

ताईने भावजींना बाहेर पाठवलं आणि सांगितलं. पाठीसाठी डॉक्टरांनीच दिलेल्या गोळ्या ती शेवटपर्यंत घेत होती, सासरी लपवून. म्हणाली, असं काही कागदावर आलं तर सासूबाई मला नशेबाज ठरवतील, पोरीला माझ्याजवळ ठेवणार नाहीत. तू काही विचारू नकोस. माझा हात सोडत नव्हती.

११ जुलै
ताईच्या बाळाची फाइल माझ्याकडेच आली. पुढेचालूंची नोंद: बाळ शांत आहे.

बाकी कुणासाठी भांडले असते. ही ताई आहे. बंद केली.

१३ जुलै
ताईकडे गेले. पोर रडत नाही. सासूबाई सगळ्यांना सांगतात, किती गुणाची आहे. ओठ कोरडे. भूक लागली की तोंड पूर्ण उघडते, चेहरा लाल होतो, आणि आवाज— आवाजच नाही.

१४ जुलै
खोलीत नवं रडणं. शेवटी उचकी.
मोठ्या बाईंनी आज माझ्याकडे बघून रेडिओ बंद केला. पहिल्यांदाच.

१५ जुलै
ताईला सगळं सांगितलं. आधी चिडली, मग पोरीकडे बघून म्हणाली, लिहू दे, काय व्हायचं ते होऊ दे. मुलीला घेऊन रुग्णालयात आलो, गोळ्यांचंही सांगितलं. पुढेचालूंनी तपासलं, नीट, वेळ काढून. म्हणाले, बाळ समोर शांत पडलंय, मी खोटं कसं लिहू? आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिलं त्यांनी. तेच.

मी स्वतः कोड बदलू पाहिला. डॉक्टरांच्या नोंदीशिवाय फाइल उघडत नाही. बंद करताना केलेली माझीच सही आडवी येते.

१६ जुलै, सकाळ
बाळांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंकडे अर्ज दिलाय, पोरीला पुन्हा तपासा म्हणून. बघते म्हणाल्या. बघते!
रडणं बारीक झालंय. उचकीच जास्त.

दुपार
थांबलं—
तिचंच थांबलं. बाकीची रडतायत. लिहिलं वाटतं त्यांनी, कोड पडला—
स्क्रीन बघितला. नाही. कुणी काही लिहिलेलं नाही. ‘निरोगी नवजात’ तसंच—
ताईचा फोन वाजतोय. मोठ्या बाई म्हणतात उचल. मी उच