उजवीकडची पदकं

३ मार्च
बाबांनी कॅप्टनसाहेबांच्या चित्राचा तांब्याचा पत्रा कोरून पुरा केला. पाच आठवडे! डोळे गेल्यात जमा, तरी मला कोरणीला हात लावू दिला नाही. "हा माझा शेवटचा," म्हणाले आणि चहा मागितला. सही तेवढी बाकी. ती ते पत्रा द्यायच्या दिवशीच करतात.

४ मार्च
पहिला ठसा काढला. टोपी, मिशा, खांद्यावरच्या पट्ट्या, सगळं जिवंत. आणि डावीकडे हवीत ती पदकं छातीच्या उजवीकडे!

छापताना चित्र उलटतं, म्हणून तांब्यावर उलटं कोरायचं. हे मला बाबांनीच शिकवलं, कान पिरगाळून. आणि स्वतः फोटोत दिसलं तसं कोरून मोकळे झाले.

ठसा नाकाला लावून पाहिला त्यांनी. "जमलाय का गं?"

"झकास," मी म्हणाले. जीभ काही झडली नाही.

५ मार्च
कॅप्टनबाई आल्या. "नाक जरा लहान करता येईल का?" चित्र वीस तारखेला नौदलाच्या क्लबात लागणार, साहेबांच्या निवृत्तीच्या जेवणाला. म्हणजे साठ अधिकारी ती पदकं बघणार, आणि खाली बाबांची सही! चाळीस वर्षांचं नाव एका जेवणात धुळीला मिळणार. शाई ओली आहे सांगून बाईंना घालवलं.

६ मार्च
नवरा म्हणतो, "सांगून टाक, खाणार आहेत का तुला?" त्याचं काय जातंय! बाबा सकाळपासून शीळ घालताहेत. मला नाही सांगवत. रडू येतं.

७ मार्च
नवा पत्रा आणला. बाबा दुपारी झोपले की माळ्यावर बसून कोरते. उलटं.

१२ मार्च
एक कान झाला. कोणता ते विचारू नये.

१५ मार्च
जेवताना बाबा: "माळ्यावर उंदीर झालेत."
"हो."
"दुपारचेच येतात."
"हो."

१८ मार्च
झाला. ठशात पदकं डावीकडे. आता कोरतेच आहे तर नाकही थोडं लहान केलं. बाबांच्या टेबलावरचा पत्रा गुपचूप बदलला.

१९ मार्च
बाबा सही करायला बसले. पत्र्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. बोट पदकांपाशी थांबलं.

"उंदराचा हात बरा आहे," म्हणाले. कोरणी माझ्या हातात दिली. "तुझं नाव घाल. आणि उलटं कोर हं, माझ्यासारखं करू नकोस."